करडं की हिंव

दीपगृहाच्या जुन्या वह्या आम्ही वाटून घेतल्यात.
अठ्ठावीस जण. पगार कुणालाच नाही.
रात्री भांडी घासून झाली की
कुणी टार्टूत, कुणी पार्नूत, एक जण हेलसिंकीत रात्रपाळीवर,
पडद्यावर एकेक पान उघडतो
आणि शंभर वर्षांपूर्वीच्या रखवालदाराची शाई
अक्षर अक्षर उतरवून घेतो:
वारा, दाब, समुद्र, आकाश.

मी एंडेल. चाळीस वर्षं भूगोल शिकवला.
चूक दिसली की हाताला लाल पेन फुटतं,
पेन नसलं तरी.

मार्चमध्ये एक नवी आली, वाइके नावाची.
तिच्या पहिल्याच पानावर, अकरा ऑक्टोबरच्या नोंदीत,
रखवालदारानं एकच शब्द लिहिला होता: हाल.
आमच्या एस्टोनियन भाषेत तो करडा रंग,
आणि पहाटे गवतावर पडतं ते हिंवसुद्धा.
तिनं तो हिंवाच्या रकान्यात टाकला.
मी उचलून ढगांच्या रकान्यात ठेवला
आणि खाली लिहिलं, सगळ्यांना दिसेल असं:
"आधी वाचायला शिका. इथं अंदाजपंचे चालत नाही."
तिघांनी हसरे चेहरे डकवले.
मी दिवा मालवला.
झोप छान लागली, हेही सांगायला हवं.

जिभेला हाड नसतं म्हणतात.
बोटांना तर असतात की!
अंगठ्याला दोन, बाकीच्यांना तीन तीन.

वाइके पुन्हा आली नाही.
तिच्या वाटणीची एकोणीस पानं
यादीत तशीच पांढरी.
लेलोनं मला एकट्याला लिहिलं
(लेलो दिवसा बस चालवते, रात्री आमच्या याद्या):
"शब्द चुकला वाटला तर शब्द खोडा, एंडेल.
बाई कशाला खोडलीत?"
मी उत्तर लिहिलं. लांबलचक, मुद्देसूद.
त्यात 'अचूकता' सात वेळा आली.
पाठवलं नाही.

मे महिन्यात, भलतंच काही शोधताना,
पुढचं पान माझ्यासमोर आलं. बारा ऑक्टोबर.
"आज पुन्हा तेच. बटाट्याचा पाला काळा पडला.
बायको म्हणते, परवाच काढायला हवे होते."

ढगांनी पाला काळा पडत नाही.
हे मी पोरांना दरवर्षी सांगायचो,
फळ्यावर बटाट्याचं रोप काढून.

मग त्याच जागी, त्याच शेऱ्याखाली बसलो.
आधी लिहिलं: गैरसमज झाला असल्यास.
खोडलं.
मग: कुणाचं मन दुखावलं गेलं असेल तर.
हे 'असेल तर' म्हणजे मागचं दार, पळायला ठेवलेलं.
तेही खोडलं.
चहा गार झाला. बाहेर उजाडतच होतं,
आमच्याकडे मेमध्ये रात्र अशी नावालाच.
शेवटी राहिलं ते एवढंच:
"वाइके बरोबर होत्या. मी चुकलो.
त्या चुकल्या असत्या, तरी मी तसं बोलायला नको होतं."
दुसरं वाक्य लिहायला
पहिल्यापेक्षा जास्त वेळ लागला.

तीन हसऱ्या चेहऱ्यांपैकी एक
दुपारपर्यंत गुपचूप निघून गेला होता.
बाकीचे दोन अजून हसतायत.

जून संपला. जुलैतले तीन आठवडे गेले.
आज सकाळी यादीत
एकोणीसच्या जागी अठरा.
शेरा नाही, नमस्कार नाही,
फक्त भरलेलं एक पान,
प्रत्येक रकाना नीट.

दाबाच्या एका आकड्यात मला चूक दिसते.
म्हणजे, वाटते.
अर्धा तास झाला, एक ओळ जुळवतोय:
"इथं मला सात दिसतो.
तुम्हाला काय दिसतं?"